स्वतःची कथा, स्वतःच्या मुखाने

जैन परंपरेने कथेला शास्त्राचा दर्जा दिला आहे. चार अनुयोगांपैकी एक अनुयोग केवळ धर्मकथांचा आहे. मात्र दिव्यांग व्यक्तीची कथा समाजात बहुधा दुसराच कोणीतरी सांगतो. एक जण दयेने सांगतो, दुसरा पूर्वकर्माचा दाखला देतो. आणि ती व्यक्ती स्वतः कोपऱ्यात गप्प बसलेली असते.

पंडित सुखलालजी संघवी यांनी हे मौन स्वीकारले नाही. सौराष्ट्रातील लीमली गावी 1880 मध्ये व्यापारी घराण्यात जन्मलेल्या सुखलालजींची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या रोगाने गेली. पुढे ते काशीला गेले आणि श्रवण व स्मरण यांच्या बळावर संस्कृत व दर्शनशास्त्र शिकले. पंडित बेचरदास दोशी यांच्यासह त्यांनी ‘सन्मतितर्क’ या ग्रंथाचे संपादन केले. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी जैन दर्शन शिकवले. 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि 1974 मध्ये पद्मभूषण त्यांना लाभले. त्यांनी आपले जीवनवृत्तही गुजरातीत स्वतःच सांगितले. अशा जीवनातून एक गोष्ट स्पष्ट होते: अंध विद्वानाला दयेपेक्षा ग्रंथ वाचून दाखवणारा आणि लिहून घेणारा सहकारी अधिक हवा असतो.

महाराष्ट्रात नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन असेच महत्त्वाचे आहे. त्यांनाही सोळाव्या वर्षी अर्धांगाने अंथरुणाला खिळवले. खचलेल्या मनाला दिशा मिळाली ती बाबूकाका दिवाण यांच्या भेटीतून. ते स्वतः त्याच अवस्थेत असूनही व्यवसाय सांभाळत होते. एकाचा अनुभव दुसऱ्याचे बळ झाला. 1984 मध्ये नसीमाताईंनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि पुढे शेकडो अपंगांना आधार दिला.

नवी मुंबईत वाशी येथे महानगरपालिकेचे दिव्यांग मुलांसाठी ईटीसी केंद्र आहे. 2016 च्या कायद्याने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाला मान्यता दिली आहे. दानातही समाज मागे नाही. जयपूर फूट घरोघरी पोहोचवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती 1975 पासून कार्यरत आहे. तरीही सोयरीक जुळवताना परिचयपत्रातून दिव्यांग भावंडाचे नाव गाळले जाते. उपाश्रयाच्या पायऱ्या चढता न येणारी बहीण प्रवचनाला घरीच राहते. ज्याचे नाव गाळले गेले, त्याला कोणीही त्याचे मत विचारलेले नसते.

अनेकांतवाद सांगतो की एका बाजूने पाहिलेले सत्य पूर्ण नसते. बाहेरून दिसणारे व्यंग हा एक नय. ते जगणाऱ्याचा अनुभव हा दुसरा. पहिल्यालाच पूर्ण सत्य मानणे हा एकांत होय. कर्मसिद्धांत तर स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या व्यंगावर निवाडा देण्यासाठी नव्हे. दुसऱ्याच्या वाट्याला द्यायची ती अहिंसा, आणि कठोर शब्दाइतकीच उपेक्षाही हिंसा ठरते.

येत्या पर्युषणात प्रत्येक संघाने एक सायंकाळ दिव्यांग बंधू-भगिनींच्या कथनासाठी राखावी. व्यासपीठ तळमजल्यावर असावे. विषय त्यांनीच ठरवावा. ‘हे कसे झाले?’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘कोठे अडते?’ एवढेच विचारावे आणि उत्तर लिहून घ्यावे. उत्तर ‘पायरी’ असेल, तर पुढील संवत्सरीपूर्वी तेथे उतरंड बांधावी. ‘काम’ असेल, तर पेढीवरील एक जागा त्यांच्यासाठी खुली करावी. असे झाले तर संवत्सरीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ त्यांच्यापर्यंतही खऱ्या अर्थाने पोहोचेल.