लॅमिंग्टन रोड, बाबा आणि बारा व्होल्ट

शनिवारी सकाळी लोक लोणावळ्याला जातात. मी गेले लॅमिंग्टन रोडला. तेही बाबांना घेऊन!

कारण सिंपल. ऑफिस आटपल्यावर रात्री दहा ते बारा मी गेम खेळते आणि तो लाइव्ह दाखवते. बघणारे जेमतेम चाळीस, पण नेमाने येणारे. गेल्या महिन्यात ऐन रंगात आलेल्या मॅचमध्ये माझा पाच वर्षांचा लॅपटॉप तापून बंद पडला. आठवड्यात तिसऱ्यांदा! म्हटलं, आता बास. मॉनिटर घरात होता. दीड वर्षात साठवलेले एक लाख दहा हजार काढले आणि ठरवलं, मशीन आपणच जोडायचं. टेन्शन एकच. पार्ट चुकला, तर पुन्हा दीड वर्ष पैसे साठवा.

डोंबिवलीहून फास्ट, दादरला बदलून वेस्टर्नची स्लो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की थोडं चालून तुम्ही तिथे. पाटीवर नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन अजून लोकांच्या तोंडून जात नाहीत. बाबा १९७८ मध्ये इथे ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर घ्यायला यायचे, घरी रेडिओ जुळवायला. पैसे उरले तर 'मिनर्व्हा'ला 'शोले'. १९७५ ला लागलेल्या 'शोले'ने तिथे पाच वर्षं मुक्काम ठोकला होता. आता मिनर्व्हा नाही. पण खोक्याएवढी दुकानं, वायरींची भेंडोळी आणि धक्का मारत जाणारे हमाल बघून बाबा एकदम वीस वर्षांचे झाले.

पहिल्याच दुकानात स्वागत झालं, "बोलिए अंकल, बेटे के लिए चाहिए?"

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "इसको पूछो. मशीन इसका है."

मग माझी परीक्षा सुरू. "स्ट्रीमिंग करना है? तो बडा प्रोसेसर लेना पडेगा." इथेच नवखे फसतात, मंडळी. स्ट्रीमिंग म्हणजे मशीनला एकाच वेळी दोन कामं. गेम चालवायचा आणि त्याचा व्हिडिओ बनवून पाठवायचा. हे दुसरं काम पूर्वी बऱ्याचदा प्रोसेसरच्या डोक्यावर असायचं. आता एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डात त्यासाठी वेगळं सर्किट असतं, एनव्हेंक नावाचं. त्यामुळे प्रोसेसरवरचा भार बराच हलका होतो. मी सहा कोअरचा रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ५०६० घेतलं. महागडा प्रोसेसर काउंटरवरच राहिला.

खरा झटका रॅमने दिला. २०२५ च्या अखेरीस एआयवाल्या डेटा सेंटर्सनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि भाव जे सुटले, ते सुटलेच. ३२ जीबीचं स्वप्न १६ वर आलं. त्यातही आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्यात की सोळाची एक? दोन घेतल्या तर वेग जास्त. मी एकच घेतली. थोडा वेग गेला, पण पुढच्या बोनसला तशीच दुसरी लावता येईल.

आता एसएमपीएस. म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. दिसत नाही, मिरवता येत नाही, म्हणून लोक इथेच पैसे वाचवतात. मीही वाचवणार होते! दुकानदाराने '६५० वॅट' लिहिलेला चकचकीत डबा अर्ध्या किमतीत पुढे केला. बाबांनी चष्मा वर केला आणि बाजूचं बारीक अक्षरातलं स्टिकर वाचलं.

"बारा व्होल्टला तीस अँपिअर. बारा गुणिले तीस, तीनशे साठ. बाकी के वॅट किधर गये भाई?"

दुकानदार हसला आणि त्याने मुकाट्याने दुसरा डबा काढला. बारा व्होल्टला चोपन्न अँपिअर, वर ८० प्लस ब्राँझचा शिक्का. कॉम्प्युटरमधलं कार्ड आणि प्रोसेसर मुख्यत: बारा व्होल्टच्या लाइनवरच जगतात, त्यामुळे हिशेब तिथेच करायचा. हे मला माहीत नव्हतं. बाबांनी मात्र आयुष्यात कधी ग्राफिक्स कार्ड पाहिलं नव्हतं.

रंगीत दिव्यांची काचेची कॅबिनेट मी मन घट्ट करून सोडली आणि समोर जाळी असलेली साधी उचलली. आपल्या उकाड्यात वारा महत्त्वाचा. वाचलेल्या पैशांत बरा माइक आला. चित्र जरा धूसर असलं तर लोक चालवून घेतात, आवाज खरखरला की पळतात.

रविवारी जेवणाच्या टेबलावर जोडणी केली. बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी ठिक्कर. एक मिनिट, दोन मिनिटं... माझ्या पोटात गोळा. हात स्विचकडे गेला.

"थांब गं," बाबा म्हणाले. "आमच्या व्हॉल्व्हच्या रेडिओलाही तापायला वेळ लागायचा."

आणि स्क्रीन उजळली! कारण वेगळं होतं, हे नंतर कळलं. नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात. पण सल्ला तोच, थांबा. त्या रात्री बारापर्यंत मशीन एकदाही बंद पडलं नाही. बाबा शेजारी बसून गेम नाही, पंख्याचा आवाज ऐकत होते.

जायचंय?

- रविवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवारी अकराच्या सुमारास पोहोचा.
- यादी आणि ऑनलाइन भाव लिहून न्या. तीन दुकानांत विचारल्याशिवाय पाकीट काढू नका.
- जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर हवा. वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.
- आधी घरच्या इंटरनेटचा अपलोड स्पीड तपासा. ट्विचवर १०८०पी, ६० फ्रेमसाठी सेकंदाला ६ मेगाबिट लागतात. त्यापेक्षा बरंच जास्त हाताशी असू द्या.
- घरात रेडिओ जुळवलेलं कुणी असेल, तर सोबत न्या!