रीळ महागाचं की स्वस्तातलं?

"या शनिवारी रीळ साफ करायचंय" असं मी म्हटलं की आमच्या टीममधली पोरं खिशातून फोन काढतात. त्यांच्या लेखी रील म्हणजे अर्ध्या मिनिटाचा नाच. माझं रीळ वेगळं. गळाच्या काठीला लावतात ते, ज्यावर दोरी गुंडाळलेली असते ते. हे एकदा समजावून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "केवढ्याला येतं?" सातशे रुपयांपासून सत्तर हजारांपर्यंत, असं सांगितलं की कॅन्टीनच्या टेबलावर क्षणभर शांतता. मग कोणीतरी विचारतंच, "सत्तर हजारांच्या रिळाला मासे जास्त लागतात का रे?"

नाही लागत. मासा आमिषाला येतो. वर काठावर कुठल्या कंपनीचं रीळ आहे याच्याशी त्या बिचाऱ्याला काहीही देणंघेणं नसतं. रिळाचं काम सुरू होतं ते मासा लागल्यानंतर, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा ते काम मिनिटभरातच संपतं.

आता मी मूळचा औंधचा. (साताऱ्याचं औंध. "म्हणजे परिहार चौकाजवळ का?" असं विचारणाऱ्यांनी कृपया पुढे वाचावं, आपोआप कळेल.) आमच्या खटाव तालुक्यात पाण्याचा टँकर जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा वाहती नदी पाहिली नसेल. आमची येरळा वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. येरळवाडीच्या धरणात पाणी असलं तर तिथे बसायचं, तेसुद्धा ज्या संस्थेकडे मासेमारीचा ठेका असेल त्यांना विचारून. मग हा नाद लागला कुठून? तर आजोळाहून. हीच येरळा खाली सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि त्याच बाजूला कृष्णाकाठी माझे मामा राहतात.

मामांनी आयुष्यात रीळ वापरलं नाही. सरबताच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेली तंगुसाची दोरी, एक गळ, एक शिशाचा तुकडा आणि कणकेचा गोळा, संपली सामग्री. दोरी तर्जनीवरून सोडून बसायचे आणि बोलता बोलता मध्येच म्हणायचे, "चिलापी हाय, बारकी." ओढून काढली की खरंच बारकी चिलापी! मोठा कटला लागला तर दोरी बोटांतून सरकू द्यायचे, दमला की गोळा करायचे, परत ओढला की परत सरकू द्यायचे. कुठे घट्ट धरायचं आणि कुठे सैल सोडायचं हे सगळं त्यांच्या बोटांत होतं.

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, चालणं परत आलं, बोलणं जवळजवळ पहिल्यासारखं झालं. उजव्या हाताची बोटं मात्र राहिली ती राहिलीच. वाटी धरता येते, शर्टाचं बटण लागत नाही. आणि दोरी कळत नाही. दोन-तीनदा नदीवर जाऊन आले आणि मग बाटली माळ्यावर टाकून दिली. दिवाळीत मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दिवसभर नुसतं ओट्यावर बसून ऱ्हात्यात. तुझ्याकडं ते मशीन हाय न्हवं, त्याचं काय जमतंय का बघ."

तर मंडळी, कॅन्टीनमधला प्रश्न असा एकदम घरचा झाला. मामांना रीळ घ्यायचं, पण कुठलं? सातशेचं, तीन हजारांचं, की एक ईएमआय बाजूला ठेवून त्याहून वरचं?

मी तीन रिळं जमवली. एक ऑनलाइन मागवलेलं सातशेचं, ज्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत तेरा बेअरिंग छापलेली. एक माझं स्वतःचं, नावाजलेल्या कंपनीचं पण तिच्या यादीतलं खालच्या पायरीवरचं, साधारण तीन हजारांचं. आणि एक मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेलं भारीतलं. त्याने ते देताना जी तोंडं केली ती पाहता बाइक मागितली असती तर लवकर दिली असती.

बेअरिंगचं आधी सांगतो, कारण सगळी फसवाफसवी तिथे आहे. शिमानोच्या सर्वात वरच्या स्टेला मालिकेत बारा अधिक एक बेअरिंग असतात. त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या सिएनात तीन अधिक एक. त्यामुळे तेराचा आकडा ही महागाची खूण झाली, आणि मग सातशेवाल्यांनीही तेरा बसवली. बेअरिंग ही मुळात फार महाग वस्तू नाही. ती कुठे बसवलीत आणि कशी बसवलीत याला महत्त्व. मुख्य गिअरच्या दोन बाजूंना, पिनियनवर, आणि दोरी जिथे वळते त्या छोट्या रोलरमध्ये चांगली बेअरिंग असतील तर चार पुरेत. दांड्याच्या मुठीत दोन आणि आणखी कुठे दोन घालून गिनती वाढवता येते. आपल्या रेझ्युमेवर आपण टेक्नॉलॉज्या लिहितो ना, तसंच.

खरी गोष्ट ड्रॅगची. रिळाच्या डोक्यावर एक चकती फिरवायला असते. आत वॉशर असतात, नमद्याचे किंवा कार्बनचे. चकती आवळली की वॉशर दाबले जातात. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की रीळ घसरतं आणि दोरी सोडतं. स्कूटरचा क्लच अर्धवट धरल्यावर होतं तेच. म्हणजे थोडक्यात, मामांची बोटं.

इथेही खोक्यावर आकडा असतो, 'कमाल ड्रॅग ८ किलो'. लोक तो बघून रीळ घेतात. आता हिशोब करा. आपण वापरतो ती दोरी दहा पौंडांची, म्हणजे साडेचार किलोला तुटणारी. ड्रॅग लावायचा तो दोरीच्या ताकदीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाला, म्हणजे एक-सव्वा ते दीड किलो. आठ किलोचा ड्रॅग पुरता आवळला तर त्याआधीच दोरी तुटणार. तो आकडा आपल्या नदीवर कामालाच येत नाही.

कामाला येतं ते दुसरंच. अकरावीच्या फिजिक्समध्ये स्थिर घर्षण आणि गतिज घर्षण होतं, आठवतंय? थांबलेली वस्तू हलवायला जास्त जोर लागतो, एकदा हलली की कमी. मी बॅग मोजायचा लटकता डिजिटल काटा घेतला, दोरीचं टोक त्याला बांधलं, तिन्ही रिळांचे ड्रॅग साधारण एक किलोला लावले आणि हळूहळू ओढलं. सातशेवालं आधी हललंच नाही. काटा एकच्या पुढे, दीडच्या पुढे, दोनच्या जवळ गेला आणि मग रीळ एकदम हिसका देऊन सुटलं, परत अडकलं, परत सुटलं. माझ्या रिळाने सुरुवातीला किंचित मान वर केली आणि मग सरळ चाललं. मित्राच्या रिळाचा काटा एकवर गेला आणि एकवरच राहिला. काय सांगू, बघतच राहावंसं वाटलं.

तो हिसका दोरी तोडतो कधी? दोरी चाळीस मीटर बाहेर असते तेव्हा फारसा नाही, कारण तंगूस ताणला जातो आणि धक्का पिऊन टाकतो. पण मासा काठाजवळ आणलाय, दोनच मीटर दोरी बाहेर आहे, त्याला आपण दिसतो आणि तो शेवटची उसळी मारतो, तेव्हा ताणायला दोरीच नसते. त्यात गाठ जुनी असेल तर संपलंच. "अगदी हातात आला होता राव!" या सगळ्या कहाण्या तिथल्याच.

म्हणजे सातशेवालं बाद. तीन हजार आणि त्यावरचं यांत मात्र, आमच्या पाण्यापुरतं बोलायचं, तर मला फार अंतर दिसलं नाही. आहे ते अंतर वेळेने दिसतं. स्वस्त रिळात गिअर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, भारीत घडीव अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ. खोटं आमिष फेकत दिवसभरात दोनशे-तीनशे वेळा दोरी गोळा करणाऱ्याला, मरळीच्या मागे फिरणाऱ्याला किंवा कोकणात खाऱ्या पाण्यात उभं राहणाऱ्याला हा फरक एका हंगामात कळतो. दांडा फिरवताना बारीक वाळू दळल्यासारखं लागायला लागतं. पण कणकेचा गोळा टाकून तासभर गप्पा मारणाऱ्याचं रीळ दिवसात वीस वेळा फिरत असेल. त्याचे गिअर झिजेपर्यंत नातवंडं शिकून निघतील.

मग मी दोन्ही रिळं घेऊन मामांकडे गेलो, आणि तिथे ज्या गोष्टीवर गाडी अडली तिचा किमतीशी संबंधच नव्हता. मित्राचं रीळ वेगवान होतं, दांडा एकदा फिरवला की रोटर सहाच्या वर फेरे घेणारं. माझं पाचचं. जास्त गती म्हणजे हाताला जास्त भार, सायकलच्या वरच्या गिअरवर चढ चढण्यासारखं. भारी रीळ रिकामं फिरवताना लोण्यासारखं, पण पलीकडच्या टोकाला मी पाण्याची बाटली बांधून ओढायला लावली तेव्हा मामांचा हात थांबला. माझ्या रिळावर हळूहळू का होईना ओढली गेली. अशा रिळांचा दांडा काढून दुसऱ्या बाजूलाही लावता येतो, तेही करून पाहिलं. पण डाव्या हाताने फिरवायचं तर काठी उजव्यात धरावी लागते, ते काही जमेना. अडचण उरली मुठीची. ती बोटाएवढी चपटी पट्टी मामांना धरता येईना.

त्याचा उपाय पलूसच्या एमआयडीसीत निघाला. मामांच्या ओळखीच्या टर्नरने नायलॉनच्या दांड्यातून लिंबाएवढा गोल गोळा लेथवर काढून दिला, मधून भोक पाडून. पैसे घेतले नाहीत, मासा मागितला.

त्या भागात लेथवर काहीही करून मिळतं, आणि त्यामागे आमचं औंध आहे हे मला तिथे उगाचच मिरवावंसं वाटतं. कारखान्याला जागा शोधणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. तिथे बनायचा लोखंडी नांगर. स्पर्धा विलायती नांगराशी, आणि शेतकऱ्यांच्या या समजुतीशी की लोखंडाने जमीन नासते. म्हणजे देशी घ्यावा का विलायती, स्वस्त टिकेल का, ही चर्चा या मातीत शंभर वर्षांहून जुनी आहे. नांगराचा फाळ झिजणारच, आणि झिजणारी वस्तू जिथे बनते ते गाव बैलगाडीच्या अंतरावर असेल तर शेतकऱ्याचा हिशोब बदलतो. रिळाचं तसंच. सातशेवाल्याचा स्प्रिंग तुटला तर सुटा मिळत नाही, आख्खं रीळ फेकायचं. भारीतल्याचा मिळतो, पण कुठून तरी मागवून. माझ्यातल्याचा सुरुवातीला लागेल तो भाग मी शोधून ठेवलाय.

आणि एक गंमत. लक्ष्मणरावांची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली. जपानमधल्या साकाई गावात १९२१ मध्ये सुरू झालेल्या शिमानोचीही पहिली वस्तू सायकलचीच, फ्रीव्हील. मासेमारीकडे ते १९७० मध्ये वळले. फ्रीव्हीलमध्ये चाक उलटं जाऊ न देणारं जे कुत्रं असतं (सायकलवाल्यांचा शब्द), त्याचंच काम रिळात दांडा उलटा फिरू नये म्हणून करावं लागतं. जुन्या आणि स्वस्त रिळांत ते कुत्रं टकटक वाजतं. आता वन-वे बेअरिंग आलं, आवाज गेला.

यावरून मामांनी मला धरलंच. गोल मूठ बसवली, काठीला आधार म्हणून जमिनीत बेचकं रोवलं, ड्रॅग एक किलोला लावून दिला. मामांनी चार फेरे फिरवले आणि कान जवळ नेला.

"आरं, ह्येला आवाज कसा न्हाय? चालू हाय का बंद?"

"चालू आहे मामा. मासा ओढायला लागला की वाजेल, कर्रर्र करून."

"मग ठीक हाय. मला डुलकी लागती आता."

भारी रीळ मित्राला परत दिलं. (मला ते हवंय. अजूनही हवंय. तो काटा एकवर थांबलेला डोळ्यांसमोरून जात नाही, पण ते माझं आणि माझ्या बोनसचं बघू.) माझं रीळ मामांकडेच ठेवून आलो. गेल्या रविवारी मामींचा फोन होता. दोन चिलाप्या आणि एक वाम. वाम आणल्याबद्दल मामी वैतागल्या होत्या, साफ करताना हातातून निसटते म्हणून. मामा मागून ओरडून काहीतरी सांगत होते. ड्रॅग मी जरा सैल लावून गेलोय, थोडा आवळायचा तर कुठल्या बाजूला फिरवायचा, असं विचारत होते.