दारचा सायकस

सोलापूरहून विजापूरकडे जातांना वाटेंत आमचें मंद्रूप लागतें. अपुरा पाऊस आणि वैशाखांतलें ऊन यांमुळें येथें दारीं हिरवें पान राखणें हें एक व्रतच. अशा आमच्या अंगणांत एक सायकस बारा वर्षें तजेलदार उभा आहे. खोड मात्र अद्याप गुडघ्याएवढेंच! आपल्या काळ्या जमिनींत पाणी सांचून त्याचीं मुळें कुजतात, म्हणून मुरूम व वाळू घालून उंचवटा केला. मग त्यास पाणीहि बेताचेंच लागतें.

रोपवाटिकेंत त्याचें नांव 'सागो पाम' असें सांगितलें होतें. एकादशीला फराळाच्या वेळीं आमच्या वन्सं म्हणाल्या, "वहिनी, हाच ना आपला साबुदाण्याचा माड?"

खरें पाहतां हें नांव दोन्हीं अंगांनीं फसवें आहे. सायकस हा माड नव्हे. माडाला फुलें-फळें येतात; याला तीं नाहींत. देवदाराप्रमाणें याची बी उघडी असते. नर व मादी झाडें निराळीं. कोवळ्या पानाचीं दलें नेच्यासारखीं गुंडाळलेलीं असतात. याचीं पुंबीजेंहि नेच्याप्रमाणें पोहतात, हें जपानच्या इकेनो यांनीं १८९६ सालीं दाखविलें. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत जसे जंतु, तसें याच्या कांहीं मुळांत निळें-हिरवें शेवाळ राहून हवेंतला नत्र पुरवितें.

साबुदाण्याचीहि तीच गोष्ट. खरा सागो न्यू गिनीकडील एका माडाच्या गाभ्यापासून होतो, आणि आपल्या घरीं येणारा साबुदाणा बहुधा सेलमकडील टापिओकाच्या कंदांचा. सायकसच्या खोडांतहि पिष्ट आहे खरें. पण त्यासोबत यकृताचा घात करणारें सायकासिन नांवाचें विष आहे. केरळांत याच्याच एका भावंडाच्या बिया पुनःपुन्हां पाणी बदलून भिजवितात व मगच पीठ करतात. १९२० नंतरच्या दशकांत, साखरेचे भाव कोसळून ओकिनावा बेटांवर उपासमार आली, तेव्हां लोकांनीं हेंच झाड खाल्लें. विष नीट न निघाल्यामुळें कित्येक दगावले. त्या काळाला तेथें 'सायकसचा नरक' म्हणतात.

सर्वांत विषारी ती बी. आणि तीच शेंदरी रंगानें लेंकरांना भुलविते. कुत्र्यानें एखादी चघळली तरी त्याच्या जिवावर बेततें. आमचा नातू आतां रांगूं लागला आहे. झाड उपटावें असें कांहींजणांनीं सुचविलें; मीं त्याच्याभोंवतीं कमरेएवढें कुंपण घातलें आणि घरांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकास त्याचे गुण सांगून ठेवले. दारीं शोभेचें झाड लावतांना आपण त्याची उंची विचारतों, किंमत विचारतों. त्याचा स्वभावहि विचारावा, एवढेंच माझें भगिनींना सांगणें आहे.