कोर्लईसमोरचा बोया

6 जुलै 2025 च्या रात्री रेवदंड्याला पाऊस नुसता कोसळत होता. कोर्लईसमोर परकी बोट दिसल्याची खबर आली आणि जागोजागी नाकाबंदी लागली. मासेमारी 31 जुलैपर्यंत बंद, होड्या ताडपत्रीखाली. मग बाहेर कोण? 1993 साली शेखाडीला उतरलेलं आरडीएक्स इथे कोणी विसरलेलं नाही. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला रायफलींसकट लागलेली बोट तर परवाचीच गोष्ट. पोलीस, तटरक्षक दल, नौदल, सगळे कामाला लागले. पोलीस अधीक्षक स्वतः बार्जवरून निघाल्या, पण वाऱ्यापावसाने त्यांना परत फिरावं लागलं.

बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्याचा, ट्रान्सपॉन्डर बसवलेला बोया वाहत आला होता, असं तपासाअंती सांगण्यात आलं.

मी बोटींवर वायरलेस संच बसवतो, त्यामुळे असे बोये पाहिलेले आहेत. प्लास्टिकची नळी, आत बॅटरी, वर अँटेना आणि लुकलुकता दिवा. वाहून गेलेलं जाळं पुन्हा सापडावं म्हणून ते लावतात. जाळं गेलं की तांडेलाचा हंगाम बुडतो, तेव्हा गरज खरी आहे.

पण यातले पुष्कळ स्वस्त बोये एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणाऱ्या यंत्रणेवर, बोलतात. 161.975 आणि 162.025 मेगाहर्ट्झ हे तिचे दोन चॅनेल जहाजांची टक्कर टळावी म्हणून जगभर राखून ठेवलेले. जहाजाचा ओळख क्रमांक नऊ आकडी: भारताचा 419 ने सुरू होतो, पाकिस्तानचा 463 ने. बोयात मात्र वाटेल तो क्रमांक भरता येतो, आणि पडद्यावर जाळ्याचं जहाज होतं. भर पावसात जेएनपीए बंदराकडे येणाऱ्या कप्तानाने कोणत्या खुणेवर विश्वास ठेवायचा?

अमेरिकेच्या संचार आयोगाने 2018 मध्येच असे बोये विकणं आणि वापरणं बेकायदा असल्याचं बजावलं. पुढच्या वर्षी शर्म अल-शेखच्या जागतिक परिषदेने अशा उपकरणांना 160.900 मेगाहर्ट्झ ही स्वतंत्र जागा दिली, शक्तीची मर्यादा 100 मिलिवॉट. म्हणजे मच्छीमाराची सोयही राहते आणि जहाजांचा चॅनेलही मोकळा राहतो. आपल्याकडे तर वायरलेस यंत्र बाळगायला परवाना हवा, हे 1933 च्या कायद्यापासून चालत आलंय.

बोया घ्यायच्या आधी त्याची वारंवारता आणि मंजुरीचा कागद बघा, असं मी प्रत्येक तांडेलाला सांगतो. पण खरी तपासणी विक्रेत्याच्या दुकानातच व्हायला हवी, आणि मच्छीमार सोसायट्यांनी नारळी पौर्णिमेआधीच ती मागून घ्यावी. एकदा जाळं पाण्यात गेलं की बोया कुठल्या चॅनेलवर बोलतोय, हे बघायला कोणी जात नाही.