यादीतला नंबर किती खरा?



बदलापूरहून लोकल सुटली की अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि मग कल्याण. या आपल्या कल्याणात 4 आणि 5 जानेवारी 2016 या दोन दिवसांत एक अजब गोष्ट घडली. भंडारी कपच्या शालेय सामन्यात के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. चेंडू 327, चौकार 129, षटकार 59. वय पंधरा, वडील रिक्षाचालक. आपल्या भागातला मुलगा जगभरच्या पेपरात झळकला.

त्या आठवड्यात मी वर्गात स्थानिक किंमत शिकवत होते. 'एक हजार नऊ' अंकात लिहा म्हटलं की दरवर्षी चार-पाच मुलं 10009 लिहितातच. त्या वर्षी मात्र कुणाचं चुकलं नाही, कारण तो आकडा सगळ्यांना पाठ होता! चौकार-षटकारांच्या धावा किती, पळून काढलेल्या किती, अशी उदाहरणंही मुलांनी हौसेने सोडवली. (870 आणि 139. तुम्हीही वर्गात घालून बघा.) मग एकाने विचारलं, "मॅडम, आता हा इंडियात जाणार ना?"

हा प्रश्न मला तेव्हापासून चिकटून बसलाय. लहानपणी जो पहिला, तो मोठेपणीही पहिला असतो का? शिष्यवृत्तीची गुणवत्ता यादी, अबॅकसच्या लेव्हल, नृत्याच्या ऑडिशन, क्रिकेट अकादमीचे अ-ब-क गट... आपण मुलांना सतत नंबर देत असतो. त्या नंबरावर विश्वास किती ठेवायचा?

आधी प्रणवचंच बघू. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला महिन्याला 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे फॉर्म गेला आणि 2017 मध्ये घरच्यांनीच ती थांबवा म्हणून कळवलं. मुंबईच्या रणजी संघात त्याचं नाव आपल्याला दिसलं नाही. यात त्या मुलाचा काही दोष नाही. समोरचा संघ कच्चा होता, मैदानाची एक बाजू आखूड होती, हे त्यावेळच्या बातम्यांतही आलं होतं. आकडा खरा होता, पण तो त्या दोन दिवसांचा होता. त्यावरून पुढच्या वीस वर्षांची पत्रिका आपण मोठ्यांनी मांडली.

त्याने मोडलेला विक्रम त्याआधी 116 वर्षांहून अधिक काळ टिकून होता. 1899 साली इंग्लंडच्या क्लिफ्टन कॉलेजात ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाने नाबाद 628 धावा केल्या होत्या. गंमत म्हणजे त्याचा जन्म आपल्या भारतातला, हजारीबागचा. हा कॉलिन्स प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. सैन्यात गेला आणि 1914 मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला.

आता आझाद मैदानावर येऊ. फेब्रुवारी 1988, हॅरिस शील्ड, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची अखंड भागीदारी आपल्याला माहीतच आहे. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. म्हणजे त्या दिवशीच्या धावांवरून यादी लावली असती तर पहिला नंबर विनोदचा! पुढे विनोदने कसोटीत लागोपाठ दोन द्विशतकं ठोकली, 54 च्या वर सरासरी राखली. पण 17 कसोटींनंतर, वयाच्या तेविसाव्या वर्षीच त्याचं कसोटी क्रिकेट संपलं. सचिन 200 कसोटी खेळला.

त्या दिवशी तिसरा एक मुलगा पॅड बांधून बसून होता, अमोल मुझुमदार. पुढचा नंबर त्याचा होता, पण फलंदाजी आलीच नाही. स्कोअरबुकात त्याच्यापुढे शून्यसुद्धा नाही. या अमोलने रणजी पदार्पणात 260 धावा केल्या, प्रथम श्रेणीत 11,000 च्या वर धावा जमवल्या, मुंबईला रणजी करंडक जिंकून दिला, पण भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. आणि 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक कोण होता? हाच अमोल. सांगा, या तिघांपैकी यशस्वी कोण? आणि 1988 ची कुठली यादी हे सांगू शकली असती?

मग नंबर देणं सगळं खोटंच का? तसंही नाही, आणि इथे आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलसाठी शाळकरी खेळाडूंच्या याद्या लागतात. खेळाडूंना हॉटेलसारखे तारे देतात, जास्तीत जास्त पाच. लेब्रॉन जेम्स शाळेतच देशात गाजला होता. 2003 साली तो थेट एनबीएच्या निवडीत पहिला आला आणि खरोखर महान खेळाडू झाला. एकंदरीत बघितलं तर पाच तारेवाल्यांमधली जास्त मुलं एनबीएपर्यंत पोचतात, तीन तारेवाल्यांमधली कमी. पण स्टीफन करी शाळेत असताना किरकोळ अंगाचा होता. मोठ्या कॉलेजांनी त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो डेव्हिडसन नावाच्या छोट्या कॉलेजात गेला आणि पुढे 2015 व 2016 मध्ये लागोपाठ एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मला यातून एवढंच कळतं की यादी घोळक्याबद्दल बऱ्यापैकी खरं बोलते, पण एकेका मुलाबद्दल ती फार कमी सांगते. आणि आपल्या घरात घोळका नसतो, एकच मूल असतं.

शिवाय मूल जितकं लहान, तितका नंबर कच्चा. एकाच इयत्तेत जवळजवळ वर्षभराने लहानमोठी मुलं असतात. पहिलीतल्या सहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा भाग. रॉजर बार्न्सली यांनी 1985 मध्ये कॅनडातल्या हॉकी खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचा भरणा दिसला. लहानपणी जो काही महिन्यांनी मोठा तो उंच, म्हणून निवडला जातो. निवडला म्हणून त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. मागे राहिलेल्याला आपण म्हणतो, 'याच्यात ते नव्हतंच'.

हे मला का सांगावंसं वाटलं? गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. राहायला बदलापूर पूर्वेला, काम उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंगचं. मुलगा नऊ वर्षांचा. अकादमीने व्हॉट्सअ‍ॅपवर गटांची यादी टाकली होती आणि त्याचं नाव 'क' गटात, तेही शेवटून तिसरं. वडिलांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, खेळ बंद करू की भिशी उचलून वेगळं कोचिंग लावू?" मुलगा दाराशी उभा राहून चपलेने फरशी घासत होता.

मी जनरल रजिस्टर काढलं. त्याची जन्मतारीख डिसेंबरची. वडिलांनी मोबाइलवर 'अ' गटाची यादी दाखवली. त्यात माझ्या वर्गातली दोन मुलं होती, दोघंही त्याच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी मोठी. वडील बराच वेळ त्या तारखा बघत राहिले. मी म्हटलं, "दादा, तो वर्षभराने मोठा झाल्यावर कसा खेळेल हे या यादीला माहीत नाही. मलाही नाही. तो मोठा खेळाडू होईल असं मी सांगणार नाही. पण यादी बघून खेळ बंद करू नका आणि यादी बघून भिशीही उचलू नका. त्याला खेळायला आवडतं का, एवढं विचारा." त्यांनी तिथेच विचारलं. तो म्हणाला, "मला विकेटकीपिंग आवडतं, पण तिथं कुणी विचारलंच नाही."

'कुणी विचारलंच नाही' हे वाक्य आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. कल्याणच्याच तुषार देशपांडेची गोष्ट बघा. शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला तो फलंदाज म्हणून गेला होता. फलंदाजांची रांग भलीमोठी, गोलंदाजांची त्या मानाने लहान. म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत लागला! तिथे पद्माकर शिवलकर सरांनी त्याला हेरलं. जुलै 2024 मध्ये तो भारताकडून टी-ट्वेंटी खेळला. आणि हेरणारे शिवलकर सर कोण? प्रथम श्रेणीत 589 बळी घेऊनही ज्यांची भारताच्या कसोटी संघात कधी निवड झाली नाही, ते. त्यांच्यासारखी नजर आपल्याला लाभेलच असं नाही, पण मुलाला दुसऱ्या रांगेत उभं राहायची संधी तर आपण देऊ शकतो.

माझ्या वर्गात मी तीन गोष्टी करते. कुठलीही निवड करण्याआधी हजेरीवर जन्ममहिना लिहून ठेवते. एकदा केलेले गट वर्षभर पक्के ठेवत नाही, दर सत्रात पुन्हा संधी देते. आणि शर्यतीत मुलाचा नंबर लिहिताना शेजारी त्याची मागची वेळही लिहिते. मग चौदावा आलेला मुलगाही घरी जाऊन सांगतो, "आई, मी दोन सेकंदांनी फास्ट झालो."

मूल कुठवर जाईल हे ओळखणं आपल्याला जमेल असं मला वाटत नाही, आणि ते आपलं कामही नाही. नऊ-दहाव्या वर्षी त्याच्यासाठी दार लावून घ्यायचं नाही, एवढं आपल्या हातात नक्की आहे. येत्या सत्रात गट पाडायच्या आधी एकदा जन्मतारखांचा रकाना जरूर बघा.