पंखातली नळी

माझा थोरला भाऊ अमेरिकेत ओहायो राज्यात, डेटनजवळ राहतो. राइट बंधूंचं हे गाव. त्याचाच गुण लागला असावा. दादानं गॅरेजमध्ये दोन माणसांचं लाकडी विमान बांधायला घेतलंय. 2023 च्या उन्हाळी सुटीत मी गेलो, तेव्हा पंखात पिटो नळी बसवायचं काम चाललं होतं. वहिनी हुबळीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘भावोजी, एनू आगंगिल्ल अल्ला?’’ फिजिक्सचा मास्तर म्हणून माझ्या शब्दाला वजन!

ही नळी विमानाचा वेग सांगते. आंरी पितो या फ्रेंच इंजिनिअरनं 1732 मध्ये वाकडी नळी पॅरिसच्या सेन नदीत धरली. प्रवाहाच्या जोरानं नळीत पाणी किती चढलं, यावरून वेग काढला. विमानात पाण्याच्या जागी हवा. वेग फार कमी झाला तर पंख विमानाला तोलून धरू शकत नाही, म्हणून हा आकडा जिवाचा.

पंखाच्या मुख्य वाशाला भोक पाडायचं नाही. दादानं दोन फासळ्यांमध्ये लाकडी ठोकळा चिकटवून त्यात नळी बसवली. तोंड पुढं, पंख्याच्या झोताबाहेर. तिथून प्लास्टिकची बारीक नळी वेगमापकापर्यंत नेली.

तपासणीसाठी मी कॉलेजातल्यासारखी यू-नळी केली, रंगीत पाणी भरलं. सिरिंजनं हलकेच दाब दिला. पाण्यात साडेबारा सेंटिमीटरचा फरक पडला आणि काटा ताशी शंभर मैलांवर आला. बरोबर! पण मिनिटभरात काटा खाली सरकू लागला. कुठंतरी गळत होतं.

दादा म्हणाला, ‘‘थोडंसंच आहे रे. काटा कमी दाखवेल, म्हणजे मी जास्तच वेगात असेन. धोका काय?’’

लहानपणापासून त्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता. पण उद्या खालचं प्लायवूड चिकटलं की तिथं हात पोचणार नव्हता. म्हटलं, ‘‘दादा, आज जोड गळतोय, उद्या निसटला तर काटा शून्यावर येईल. मी वहिनींना काय सांगू?’’

तो दिवसभर बोलला नाही. रात्री मात्र उठून त्यानं जोड कापला, नवा बसवला. सकाळी पुन्हा दाब दिला. काटा हलला नाही.

जेवताना मी 1996 ची गोष्ट सांगितली. प्वेर्तो प्लाताहून उडालेलं प्रवासी विमान समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. पिटो नळी बुजली होती; बहुधा कुंभारीण माशीच्या घरट्यानं. आपल्या खिडकीत मातीचं घर करते, तिच्याच जातीची.

वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुळेदगुड्डच्या लाल खणाची टोपी शिवून नळीला घातली. लांब फीत सोडली आणि दादाला बजावलं, ‘‘उडताना आधी ही काढायची. उतरल्यावर परत घालायची.’’

मला वाटतं, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं.