चौथाईचा हिशेब

नवी वस्तू घेण्याचा मोह वयाबरोबर आवरता येतो. परंतु जवळ असलेली वस्तू सुधारण्याचा मोह मात्र वयाबरोबर वाढतच जातो, असा आमचा अनुभव आहे. घेण्याच्या मोहास खर्चाची लाज वाटते. सुधारण्याचा मोह काटकसरीचा वेष घेऊन येतो, म्हणून त्यास कोणी दारात अडवीत नाही.

गेल्या महिन्यात अमेरिकेतील कोलोरॅडो प्रांतातून आमच्या भाच्याचे पत्र आले, त्यात हाच मोह पानोपानी भरलेला होता. तिकडे ठरलेल्या हंगामात रीतसर परवाना काढून एल्क नावाच्या थोर हरणाची शिकार करता येते. त्यासाठी त्याने 'थर्टी-ओ-सिक्स' जातीची एक जुनी रायफल घेतली आहे. नळीचा व्यास इंचाच्या तीस शतांशांचा आणि अमेरिकन सैन्याने ते काडतूस स्वीकारले १९०६ साली, म्हणून हे नाव. आता तेथील एक कारागीर त्यास म्हणतो की, काडतूस बसण्याचे नळीतील घर थोडे कोरून मोठे केले, तर याच रायफलीतून 'सुधारलेले' काडतूस उडविता येईल. "मामा, तुम्ही जन्मभर भौतिकशास्त्र शिकविले. हे करावे की न करावे, एवढे सांगा," असा त्याचा प्रश्न होता.

प्रश्न वाटतो तितका परका नाही, म्हणून वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो. कारखान्यात न बनणाऱ्या, हौशी कारागिरांनी घडविलेल्या काडतुसांस अमेरिकेत 'वाइल्डकॅट', म्हणजे रानमांजर, म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध घराणे पी. ओ. अ‍ॅक्ली या बंदूक-कारागिराचे. काडतुसाची पितळी पुंगळी तळापासून वर थोडी निमुळती होत जाते आणि मग खांदा पडून बारीक गळ्यात शिरते. अ‍ॅक्लीने तो निमुळतेपणा जवळजवळ काढून टाकला व खांदा चाळीस अंशांचा, चांगला ताठ केला. त्यामुळे त्याच लांबीच्या पुंगळीत दारू थोडी अधिक मावते. साधे काडतूस या नव्या घरात घालून उडविले, की दाबाने पुंगळी फुगून आपोआप नवा आकार घेते. कल्पना खरोखर चतुर आहे, हे कबूल केले पाहिजे.

परंतु चतुर कल्पनेची प्राप्ती किती? बंदुकीच्या जाणकारांत एक ठोकळ नियम प्रसिद्ध आहे: दाब तोच ठेवला, तर पुंगळीची धारणशक्ती शेकडा जितकी वाढते, त्याच्या चौथाईनेच गोळीचा वेग वाढतो. थर्टी-ओ-सिक्सच्या पुंगळीत या सुधारणेने जागा वाढते ती शेकडा पाचाच्या आसपास. म्हणजे वेग वाढणार शेकडा सव्वा. १८० ग्रेनची गोळी सेकंदास २७०० फूट वेगाने निघत असेल, तर ती आता २७३४ फुटांनी निघेल. तीनशे वारांवर पोहोचेपर्यंत गोळी सुमारे दोन फूट खाली येते. त्या पतनात या सुधारणेने अर्ध्यापाऊण इंचाची बचत होईल. तेवढ्याच अंतरावर नेमबाजाचा एक श्वास चुकला, तर गोळी कित्येक इंच सरकते. याहून पुष्कळ मोठे आकडे सांगितले जातात, हे खरे. पण तो जादा वेग बहुधा आकाराचा नसून जादा दाबाचा असतो, आणि जादा दाब जुन्या रायफलीने सोसावयाचा असतो.

आम्ही राहतो ते कळमना हे नागपूरचे बाजाराचे ठिकाण. येथील मार्केट यार्डात हंगामात संत्र्यांचे ढीग लागतात व लिलाव चालतात. गाडी भरून आणणारा शेतकरी बोली किती चढली एवढ्यावर खूष होत नाही. गाडीभाडे, हमाली वजा जाता हाती काय उरले, ते तो पाहतो. भाच्याच्या रायफलीस आम्ही हीच रीत लावून पाहिली. बोलीत जमा चौतीस फूट. खर्ची पडणार कोरणावळ. नवे घर नेमके बसावे म्हणून नळी किंचित मागे घेण्याची मजुरी. काडतुसे घरी भरण्याचे निराळे साचे. पुंगळ्यांस आकार देण्यात खर्च होणारी काडतुसे आणि तितकीच झिजणारी नळी. शिवाय विकावयास काढली, तर गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारील. शिल्लक काय राहिली, ते वाचकांनीच पाहावे.

आमच्या देशात बंदुकीचे घर व नळी बदलण्याचा इतिहास मोठा आहे. पण त्यामागे वेगाची हाव नव्हती, कायद्याची सक्ती होती. मार्टिनी-हेन्री या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती असत व त्यांस उपयोगी पडेल असा दारूगोळा देशात येऊ नये, म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० बोअरच्या रायफलींस हिंदुस्थानात बंदी केली. तेव्हा विलायतेतील कारखानदारांनी .४६५, .४७०, .४७५ अशी जवळची मापे काढली. वाघाला किंवा गव्याला त्यांतील फरक कधी कळला असेल, असे वाटत नाही. पुढे 'थ्री-नॉट-थ्री' हेही लष्करी माप म्हणून सामान्य परवानेदारास वर्ज्य ठरले, आणि त्याच ली-एनफिल्डच्या सांगाड्यावर आठ मिलिमीटरची 'थ्री-वन-फाइव्ह' उभी राहिली. ती बंगालात ईशापूरला बनते आणि तिची काडतुसे आमच्या खडकीच्या कारखान्यात बनत आली. तिची गोळी थ्री-नॉट-थ्रीहून जड व मंद. म्हणजे वेगाच्या दृष्टीने ही सुधारणा नसून पिछेहाटच! तरीही गावोगावच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या तिच्यावर पिके राखली.

आमच्या वडिलांजवळ अशीच एक थ्री-वन-फाइव्ह होती. मौद्याच्या वाटेवर आमची थोडी शेती होती, तेथे तुरीत रानडुकरे शिरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापूर्वीची ही गोष्ट. एका संध्याकाळी वडिलांनी चाळीस पावलांवरून एका मोठ्या डुकरावर गोळी झाडली. ती पोटात मागे लागली आणि जनावर नाल्यात उतरून नाहीसे झाले. रात्रभर त्यांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडले, तेव्हा जिवंत होते. ही हकीकत त्यांनी आम्हांस पुष्कळ वर्षांनी सांगितली. "गोळीला वेग कमी नव्हता," ते म्हणाले, "मलाच घाई झाली होती." त्यांच्या पश्चात ती रायफल कायद्याप्रमाणे जमा झाली, हे वाक्य मात्र आमच्याजवळ राहिले.

मध्यप्रांतात वनाधिकारी असलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६३ साली शिकारी रायफलींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याचाही भर जंगलात जनावर जवळून मारावे लागते, या वस्तुस्थितीवर होता. बंदूक निवडावयाची ती रानाकडे पाहून. कोष्टकाकडे पाहून नव्हे. आजही पिकांची नासाडी करणारे जनावर मारण्यास कायद्याच्या अकराव्या कलमान्वये लेखी परवानगी मिळू शकते. पण ज्यास ती मिळते, त्याची परीक्षा शेवटी हाताची व धीराचीच असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या जुन्या काडतुसांच्या पुंगळ्या फार निमुळत्या आहेत, त्यांस या सुधारणेने अधिक लाभ होतो. ताठ खांद्याच्या पुंगळ्या कमी ताणल्या जातात व अधिक वेळा भरता येतात. अ‍ॅक्लीचे '२८०' तर इतके लोकप्रिय झाले की, कारखान्यांनीच ते बनविण्यास घेतले. रानमांजर घरात नांदू लागले. आणि ज्यास घासणे, मोजणे, भरणे यांतच आनंद आहे, त्याने हौस म्हणून हे खुशाल करावे. फक्त त्या हौसेस शिकारीची गरज म्हणू नये.

हे सर्व आम्ही भाच्यास कळविले, आणि कोरणावळीच्या पैशांची काडतुसे घेऊन हंगामापूर्वी तीनशे वारांवर ती सर्व उडवावी, असे सुचविले. त्याचे उत्तर परवा आले: "मामा, काडतुसे घेतली. पण ते चाळीस अंश अजून डोळ्यांपुढून जात नाहीत."

त्यास हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचे बरे चालणारे फाउंटन पेन अक्षर आणखी बारीक यावे म्हणून आम्ही एकदा निब घासून आणविले होते. ते पेन तेव्हापासून खणात पडून आहे, आणि हा लेख आम्ही दुसऱ्या, न सुधारलेल्या पेनाने लिहिला आहे.